बाहेरची कडी

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा बराच झाला, पण ज्यासाठी पोलीस बोलवावे लागले असा एकच. मी माझी सख्खी बहीण, तिची तान्ही लेक आणि माझे भाऊजी अशा तिघांना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली. आणि वर गावभर सांगत सुटले, की मी भाऊजींना पकडलं.

हे ऐकलं की नातवंडं विचारतात, "आजी, पण तुझी बहीण आणि बाळ आत आहेत हे तुला दिसलं नाही का?" दिसलं होतं ना. डोळे तेव्हा उत्तम होते. डोक्यात शिरायला मात्र गोष्टींना वेळ लागायचा. दोन जाड वेण्या होत्या माझ्या, त्या बहुतेक वाट अडवून बसलेल्या असाव्यात.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्याचे. आमचं खेडं किन्हीराजाच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. मी मॅट्रिकला एकदा बसून, तिथंच बसून राहून, घरी परत आले होते. करायला काही नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या भानगडीत लक्ष घालायचं काम मी मनापासून करायची. गावात आपल्याइतकं हुशार कोणी नाही अशी माझी पक्की खात्री होती. गणितात नापास झाले तेव्हाही ती हलली नव्हती.

बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिचे सासरचे धनजचे, पण भाऊजी वाशीमला एका जैन शेठजींच्या आडत दुकानात मापारी होते. दिवसभर काट्यावर पोती चढवायची, उतरवायची. माणूस अंगानं दणकट आणि मनानं पापडासारखा. जरा दाबला की मोडला. मुलगी झाली, बारसं ठरलं, आणि तिथंच घोळ झाला.

आमच्याकडे जावयाला बोलावणं द्यायचं म्हणजे घरच्या मोठ्या माणसानं स्वतः जायचं, कपाळाला कुंकू लावायचं, हातावर सुपारी ठेवायची. पण कापूस फुटलेला, वेचायला माणसं मिळत नव्हती. बाबांनी वाशीमच्या बाजाराला निघालेल्या एकाजवळ तोंडी निरोप धाडला. भाऊजींनी तो भर दुकानात, हमालांच्या देखत ऐकला. ते आलेच नाहीत.

"मी काय बैल आहो का, दुसऱ्याच्या हातून दोर धाडाले?" असं ते म्हणाल्याचं त्याच माणसानं परत येऊन सांगितलं. त्यानं त्यात आपलं मीठ किती घातलं, देव जाणे.

बाबा भडकले. "लेकीच्या बारशाले बाप येत नाही म्हन्जे काय? आता त्यानं चार मानसाइसमोर माफी मांगली, तवाच पोरगी धाडीन."

त्यानंतर भाऊजी दोनदा आले. दोन्ही वेळा बाबांनी त्यांना ओसरीवरूनच परत लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरीचं तोंड त्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं. ती आता हसायला लागली होती.

तिसऱ्यांदा आले ते भर सकाळी, आईबाबा शेतात असताना. मी ओसरीत ज्वारी पाखडत होते. दारात पाण्याचा तांब्या होता, तिकडे न बघता, पाय न धुता ते सरळ चढले.

"भाऊजी, बाबा घरी नाहीत," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. म्हनूनच आलो."

ते आतल्या खोलीत गेले. बहीण "अवं माय!" म्हणाली, बाळ रडलं. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, म्हणजे मला तसं वाटलं. हा माणूस बाळ घेऊन पळणार! खोलीला एकच दार, आणि गजाची एक लहानशी खिडकी. दाराला बाहेरून लोखंडी कडी. मी सूप टाकलं, दार ओढलं, कडी चढवली. मग पायात चप्पल न घालता शेताकडे पळाले. वाटेत जो दिसेल त्याला ओरडून सांगत होते, "भाऊजीले कोंडलं! मी कोंडलं!"

बहिणीनं पुढे सांगितलं, की त्या वेळी भाऊजी जमिनीवर उकिडवे बसून नुसते लेकीकडे बघत होते. हातसुद्धा लावला नव्हता, पोत्यांची धूळ आहे म्हणून. मी गपचूप ज्वारी पाखडत राहिले असते, तर ते अर्ध्या तासानं उठून दुपारच्या एसटीनं वाशीमला गेले असते. पण मग हुशारी कशी दिसली असती?

मी परत आले तोवर ओसरीत अर्धं गाव जमलं होतं. काठ्या घेऊन. बाबा धापा टाकत आले आणि दारावर लाथ मारली. "बाहीर नीघ! तुले दाखोतो!"

बाहीर कसा निघणार? कडी तर आमच्याच बाजूला होती. आतून दार एकदा हादरलं, दोनदा हादरलं. मग भाऊजींना कळलं की आपण सापडलो. त्या खोलीच्या भिंतीत माझ्या आईचा विळा खोचलेला असायचा.

"दार तोडसान तर आत कोनी जित्तं राह्यनार नाही!" आतून आवाज आला. तो भाऊजींचा होता, पण भाऊजींसारखा नव्हता. मागोमाग बहीण ओरडली, "बाबा, मांगं व्हा! इळा हाय त्याइच्या हातात!"

माझं मघापासून चाललेलं "मी कोंडलं, मी कोंडलं" तिथं थांबलं. मी एका पाहुण्याला आत घातलं होतं, आणि आत आता विळा घेतलेला माणूस होता. मधे मी फक्त एक कडी लावली होती.

पोलीस पाटलानं सायकलवर माणूस धाडला. उन्हं कलायच्या आत ठाण्यातून फौजदारसाहेब फटफटीवर आले, मागून दोन शिपाई. माझ्या कल्पनेतला फौजदार म्हणजे मोठ्या मिशा, हातात पिस्तूल, एका लाथेत दार आडवं. आला तो एक किडकिडीत माणूस, नाक लाल, हातात रुमाल. सर्दीनं बेजार. उतरल्या उतरल्या दोनदा शिंकला. मला वाटलं, संपलं आता सगळं.

"कडी कोणी लावली?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला. वर्गात कधी केला नव्हता इतका उंच.

"शाबास," ते म्हणाले, आणि त्यात शाबासकी औषधालाही नव्हती. "तू इथंच दाराजवळ थांब. लागशील."

पहिलं काम त्यांनी केलं ते बाबांना तिथून हलवण्याचं. बाबा ओरडले की आतून दारावर काहीतरी आपटायचं, हे त्यांनी उभ्या उभ्या हेरलं होतं. एका शिपायाबरोबर बाबांना पारावर बसवलं. मग काठीवाले लोक रस्त्यापलीकडे. लोकांना ते मुळीच पटलं नाही. तमाशाला येऊन तंबूच्या बाहेर बसावं तशी त्यांची तोंडं झाली. आईला मात्र राहू दिलं. ती भिंतीला टेकून, तोंडात पदर घालून उभी होती.

मग फौजदार दाराच्या समोर नाही, बाजूला, भिंतीला पाठ लावून खाली बसले. आणि चहा मागितला.

"साहेब, दार?" मी म्हटलं.

"दार कुठं पळून जातंय?"

चुलीवर चहा चढला. मी तडफडत होते. ते हळू आवाजात, मलाच सांगत असल्यासारखे बोलले. "हे बघ मुली. ज्याला मारायचंच असतं, तो सकाळीच मारून मोकळा होतो. जो ओरडतो, त्याला कोणीतरी ऐकायला हवं असतं. आता आत सगळ्यात जास्त घाबरलेलं कोण आहे?"

"माही बहीण."

"तो. बाहेर चाळीस काठ्या आहेत. त्याला दोनच गोष्टी दिसतायत, मारायचं किंवा मार खायचा. तिसरी गोष्ट त्याला दिसेपर्यंत आपण काही घाई करायची नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मागच्या गावी मी एकदा दार तोडलं होतं." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. रुमालानं नाक पुसत राहिले.

माझी एक नात मानसशास्त्र शिकते. ती म्हणते, आजी, याचं आता शास्त्र झालंय, पोलिसांना शिकवतात, वेळ कसा काढायचा, बोलतं कसं ठेवायचं. असेल. मी ते शास्त्र एका शिंकणाऱ्या माणसाच्या शेजारी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसून पाहिलं, आणि तेव्हा मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटला होता.

"आता कडी काढ," ते म्हणाले. "आणि त्याला सांगून काढ."

आई पदरातून "नको वं" म्हणाली. शिपायानंही साहेबांकडे चमकून पाहिलं. मी दाराशी गेले. ज्या हातानं सकाळी एका झटक्यात लावली, त्याच हाताला ती आता निघेना.

"भाऊजी," मी म्हटलं, "मी कडी काढून राह्यले."

"कायले? आत घुसाले?"

"नाही. कोनी येत नाही. मीच लावली होती, मीच काढतो."

कडी खाली पडली, आवाज झाला. मग आतून खट्‌कन आवाज आला. भाऊजींनी आतली कडी लावून घेतली.

रस्त्यापलीकडून कोणीतरी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. मलाही वाटलं, घ्या, आता दोन्हीकडून मेलो. पण फौजदार पहिल्यांदाच हसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "मघाशी तो कोंडलेला होता. आता त्यानं स्वतः दार लावलंय. ते उघडणं आता त्याच्या हातात आलं."

त्यानंतर त्यांनी जे चालवलं ते ऐकून रस्त्यापलीकडची माणसं एकेक करून घरी जायला लागली. आत डाकू असावा अशी त्यांची अपेक्षा, आणि साहेब विचारत होते, "चहा गुळाचा घेणार का साखरेचा?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "गुळाचा."

"दूध जास्त?"

"असू द्या."

खिडकीच्या गजातून पेला आत गेला. मग पाणी गेलं. पेला परत मागितला, तो परत आला. प्रत्येक वेळी साहेब काहीतरी बारीकसारीक विचारायचे. उत्तर यायला आधीपेक्षा थोडा कमी वेळ लागायचा. एका शिपायानं कानाशी येऊन सुचवलं, "साहेब, सांगा त्याले का काई होनार नाही, घरी जाशीन म्हनून. बाहीर आला का धरू." साहेबांनी मान हलवली. मग मुद्दाम जरा मोठ्यानं, आत जाईल असं बोलले, "नाही. ठाण्यात यावं लागेल, मी खोटं बोलणार नाही. पण तुम्हाला कोणी हात लावणार नाही, हे मी सांगतो." शिपायाला हळूच म्हणाले, "आज याला फसवलं, तर उद्या या भागात दुसरा कोणी दारामागे बसला की तो माझं ऐकेल का?"

थोड्या वेळानं आतून आपण होऊन आवाज आला. पहिल्यांदाच. "लेकराचं लंगोट पायजे. भिजलं."

साहेबांनी डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. मला काही समजलं नाही. लंगोटात एवढं काय? त्यांनी बोटानं गप्प राहायला सांगितलं आणि कुजबुजले, "त्यानं स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी मागितलं. आता ती त्याच्यासाठी माणूस आहे." मी दोरीवरचं लंगोट आणून गजातून दिलं. भाऊजींचा हात दिसला. त्यात विळा नव्हता. मी तसं साहेबांना खुणेनं सांगितलं.

"तुम्हाला हवं तरी काय होतं, पाहुणे?" साहेबांनी विचारलं.

"बोलावनं," भाऊजी म्हणाले. आवाज फाटला. "पोरीच्या बारशाचं बोलावनं पायजे होतं, साहेब. हमालाइसमोर निरोप धाडला मले. मी का रस्त्यावरचा आहो?"

आणि मला हसू फुटलं. खरंच सांगते, मी हसले. दिवसभर गाव वेठीला, पोलीस, विळा, आणि मागणी काय तर कुंकवाचं बोट! साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते हसू घशात अडकून ठसका लागला.

"कोन हासलं?" भाऊजींनी विचारलं.

आता काय बोलावं? अशा वेळी शहाण्या मुलीला शहाणं काही सुचतं. मला साळीनं, म्हणजे मेहुणीनं, भाऊजींना बोलावं तेच सुचलं. "मी हासले. पोरीचं तोंड पाह्यलं का न्हाई अजून? का नुसतेच वरडून राह्यले?"

"पाह्यलं," भाऊजी म्हणाले. "कान माह्यासारखे आहेत."

"कान असू द्या बापा. अक्कल तेवढी माह्या बहिनीची असो."

आणि आतून कोणीतरी हसलं. बहीण. रडताना मधेच हसू आलं की निघतो तसला आवाज. मग भाऊजींचं नाक ओढल्याचा आवाज. पण दार काही उघडेना. हसणं वेगळं, आणि सगळ्या गावासमोर मान खाली घालून, हात वर करून बाहेर येणं वेगळं. मापाऱ्याला तेवढं कळत होतं.

तेवढ्यात भिंतीला टेकलेली आई स्वतःशीच पुटपुटली, "पायही न धुता घुसला घरात. रीत ना भात."

फौजदार झटक्यात वळले. "काय म्हणालात, माय?"

आई घाबरली. "नाही जी. जावाई आला का दारात पाय धुवाले पानी देतात, एवढंच म्हन्लं. आज त्यानं पाय नाही धुतले."

"पाणी आणा," साहेब म्हणाले. "कुंकूही आणा."

आई आधी बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं, माझ्याही, आणि ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आलं. तिनं घंगाळ अंगणात ठेवलं, तांब्या भरला, पदर डोक्यावरून नीट केला आणि दारापुढे उभी राहिली.

"जावाईबुवा," ती म्हणाली, "तुमी आज पाय न धुताच आत आले. असं नाही चालत आमच्या घरी. बाहीर या, पाय धुवा, अन मंग रीतीनं आत या."

म्हणजे बाहेर यायचं ते शरण जायला नाही, घरात यायला.

आतली कडी निघाली. दार बोटभर उघडलं. त्यातून आधी एक गाठोडं पुढे आलं, दुपट्यातलं बाळ, आणि ते माझ्या हातात दिलं. मीच दारात होते ना. मग बहीण आली, तिच्या हातात विळा, पात्याकडून धरलेला, आईचा आईला परत. शेवटी भाऊजी. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. अंगणात जाऊन पाय पुढे केले. आईनं पाणी ओतलं, कुंकू लावलं. तेवढा वेळ फौजदारसाहेब पाठ फिरवून, माझ्या वेण्यांच्या दिशेनं शिंकत होते.

भाऊजी पुन्हा आत आले, रीतीनं, आणि चार घास जेवले. मग आपणच उठून म्हणाले, "चला साहेब."

त्या रात्री बाबा पारावरून आले ते तसेच निजले. सकाळी उठून पाहते तर धुतलेलं धोतर नेसलेले, आणि आईच्या देवळीतला कुंकवाचा करंडा शोधत होते.

"कुठी चालले?" आईनं विचारलं.

"बोलावनं द्याले."

"कोनाले?"

"जावयाले. दुसऱ्या कोनाले?"

"ठान्यात?"

"मंग? जावाई जथी हाय तथीच द्या लागते ना," बाबा खेकसले. आणि सुपारी खिशात टाकली.

मला जबानी द्यायची होती, म्हणून मी बरोबर होते. कोठडीच्या गजातून बाबांनी हात घातला. भाऊजींच्या कपाळाला कुंकू लावताना बोट हललं, ते नाकावर ओघळलं. "दोघाइनंही बह्याडपना केला," एवढंच बाबा म्हणाले, आणि सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. भाऊजींनी ती मुठीत धरली आणि गजाला कपाळ टेकलं. पुढे कागद झाले, समज दिली गेली, वाशीमला कोर्टात एकदा उभं राहावं लागलं. त्यात बाबा त्यांच्या शेजारी उभे होते. निघताना फौजदारांनी मला बोलावून सांगितलं, "पुन्हा कोणाला कोंडायचं झालं, तर आधी मला विचार."

कापूस घरात आल्यावर भाऊजी बहिणीला न्यायला आले. दारात पाय धुतले, इतके चोळून चोळून की आई म्हणाली, कातडं निघेल. मुक्काम केला, जेवले, हसले. मी त्यांच्यापुढे फारशी गेले नाही. माझ्यासारख्या बोलभांड पोरीला चार दिवस गप्प राहणं किती जड गेलं असेल, ते मलाच ठाऊक.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे फाट्यावर एसटीला सोडायला गेलो. बहीण चढली, ट्रंक चढली, बाळाला मी खिडकीतून शेवटचं दिलं. मग बसच्या दाराला धरून उभी राहिले. काहीतरी बोलायचं होतं आणि ते काय ते सापडत नव्हतं. भाऊजी पायरीवर उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साळीबाई," ते म्हणाले, "पोरगी मोठी झाली का मी तिले सांगीन, तुह्या मावशीले कडी लावता येते, पन काढताही येते. आता हे दार तेवढं सोड, कंडक्टर बोंबलून राह्यला."